हुशारीचा मान, हुशारांचे काम

ऑक्टोबर १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. वाणिज्य शिक्षण देणारे आशियातले पहिले महाविद्यालय म्हणून त्याची ओळख आहे. पुढे १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे अर्थशास्त्र शिकवले. त्याच १९१३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या तीन विद्यापीठांतली वाणिज्य विद्यार्थ्यांची मंडळे एकत्र आली आणि ‘बीटा गॅमा सिग्मा’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. व्यापार-उद्योग शिकणाऱ्यांतले सर्वांत चांगले विद्यार्थी निवडायचे, त्यांना मान द्यायचा आणि त्यांना आयुष्यभर एकमेकांशी जोडून ठेवायचे, हा तिचा हेतू. अशा संस्थेला तिकडे ‘ऑनर सोसायटी’ म्हणतात. आपण तिला गुणवंतांचे मंडळ म्हणू.

वाणिज्य आणि व्यवस्थापनाचे शिक्षण गेल्या शतकभरात मुंबईहून पुण्याला आणि तिथून निगडी, आकुर्डी, चिंचवड, ताथवड्यापर्यंत पोचले. गुणवंतांच्या मंडळाची कल्पना मात्र आपल्याकडे रुजली नाही. ती समजून घेण्याचे एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. पिंपरी-चिंचवडची अनेक मुले-मुली बिझनेस अॅनालिटिक्स, फायनान्स किंवा सप्लाय चेन शिकायला अमेरिकेत जातात, आणि एखाद्या सत्रानंतर ‘तुमची निवड झाली आहे, सभासद शुल्क भरा’ अशी मेल त्यांच्याकडे येते. ती मानाची आहे की फसवणुकीची, हे घरी कोणाला सांगता येत नाही. दुसरे कारण अधिक मोठे आहे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या या औद्योगिक पट्ट्याला अशा मंडळाची खरोखर गरज आहे, असे मला वाटते.

गुप्त मंडळापासून सुरुवात

ही परंपरा १७७६ इतकी जुनी आहे. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले त्याच वर्षी, ५ डिसेंबरला, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ हे मंडळ काढले. सुरुवातीला ते गुप्त होते. सभासदांनी जमावे, निबंध वाचावेत, वाद घालावेत, असा त्याचा रिवाज होता. पुढे त्याच्या शाखा हार्वर्ड आणि येलमध्ये निघाल्या, एकोणिसाव्या शतकात गुप्तता गळून पडली आणि उत्तम अभ्यास हाच प्रवेशाचा निकष ठरला. ग्रीक अक्षरांनी नाव ठेवण्याची पद्धत या मंडळापासून सुरू झाली, म्हणून नंतरच्या बहुतेक सोसायट्यांची नावे तशीच आहेत.

गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या या मंडळांची दारे सर्वांना उघडी नव्हती. फाय बीटा कॅपात स्त्रियांना प्रवेश मिळायला १८७५ साल उजाडले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला १८७७. दोन्ही वेळी पुढाकार व्हरमाँट विद्यापीठाच्या शाखेने घेतला. हुशारी मोजणारा माणूस कोणाला मोजायला घेतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो, हा प्रश्न तेव्हापासून या कल्पनेला चिकटलेला आहे.

पुढे प्रत्येक विद्याशाखेने आपापले मंडळ काढले. अभियांत्रिकीसाठी १८८५ मध्ये ‘टाऊ बीटा पाय’, विज्ञान संशोधनासाठी १८८६ मध्ये ‘सिग्मा झाय’. व्यवसाय शिक्षण विद्यापीठात तुलनेने उशिरा आले, त्यामुळे त्याची मंडळेही विसाव्या शतकातली आहेत. १९१३ मध्ये बीटा गॅमा सिग्माबरोबरच ‘डेल्टा म्यू डेल्टा’ निघाले आणि हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी १९१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘बीटा अल्फा साय’.

निवड कशी होते

आपल्याकडे फर्स्ट क्लास किंवा डिस्टिंक्शन ठरावीक गुणांना मिळते. शॉप फ्लोअरवरच्या गो-नोगो गेजसारखे ते माप आहे: नग त्यात बसला तर पास, मग पास झालेले नग कितीही असोत. सुवर्णपदकाचे गणित याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ते एकालाच मिळते आणि दुसरा आलेला विद्यार्थी अर्ध्या गुणाने हुकला तरी रिकाम्या हाताने परततो.

गुणवंतांचे मंडळ या दोन टोकांच्या मधले आहे. बीटा गॅमा सिग्मामध्ये पदवीच्या वर्गातले वरचे १० टक्के आणि पदव्युत्तर वर्गातले वरचे २० टक्के विद्यार्थी घेतले जातात. ६० जणांच्या एमबीएच्या तुकडीत हा आकडा १२ येतो. विद्यार्थ्याने अर्ज करायचा नसतो. विद्यापीठाच्या नोंदींवरून प्राध्यापकांची समिती नावे काढते आणि आमंत्रण पाठवते. सभासदत्व एकदाच मिळते आणि जन्मभर टिकते.

१२ या आकड्यात या कल्पनेचा गाभा आहे. पदक एकाला मिळते आणि त्याच्या घरच्या शोकेसमध्ये जाऊन बसते. डिस्टिंक्शन अनेकांना मिळते, पण ते अनेक एकमेकांना ओळखतही नाहीत. १२ जणांचा गट मात्र एकत्र बसू शकतो आणि त्याच्याकडे काम सोपवता येते. बीटा अल्फा सायने हेच ओळखले. तिथे चांगले गुण ही फक्त पहिली पायरी असते. त्यानंतर व्यावसायिक कार्यक्रमांना आणि समाजसेवेला ठरावीक तास द्यावेच लागतात. त्याच्या अनेक शाखांचे विद्यार्थी दरवर्षी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची आयकर विवरणपत्रे विनामूल्य भरून देतात. वर्गात शिकलेला कर-हिशेब वस्तीतल्या एखाद्या घराचे पैसे वाचवतो, आणि विद्यार्थ्यालाही पुस्तकात नसलेली प्रकरणे हाताळायला मिळतात.

या सभासदत्वाला नोकरीतही काही वजन असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरीत नवा पदवीधर साधारणपणे पाचव्या श्रेणीवर लागतो. उत्तम शैक्षणिक कामगिरी सिद्ध केली तर सातव्या श्रेणीवर लागू शकतो, आणि ती सिद्ध करण्याचा एक मान्य मार्ग म्हणजे राष्ट्रीय पातळीवरच्या ऑनर सोसायटीचे सभासदत्व. खासगी कंपन्यांत मात्र ते बायोडेटामधली एक चांगली ओळ ठरते, त्याहून अधिक नाही.

आलेली मेल खरी की खोटी

जिथे मान असतो तिथे त्याचा बाजार मांडणारेही येतात. भारदस्त नाव, ग्रीक अक्षरे, सोनेरी शिक्का एवढ्या भांडवलावर चालणारी अनेक ‘मंडळे’ इंटरनेटवर आहेत. त्यांना विद्यार्थ्याचे गुण माहीत नसतात, त्याचा फक्त मेल-पत्ता माहीत असतो. इंटरनेटच्या कितीतरी आधी, १९२५ मध्येच, दर्जा राखण्यासाठी अमेरिकेतल्या सोसायट्यांनी एकत्र येऊन एक शिखर संघटना काढली आणि सभासद-सोसायट्यांसाठी किमान अटी ठरवल्या. काही जुन्या, नामांकित सोसायट्या तिच्या बाहेर आहेत, म्हणून केवळ तिच्या यादीवर विसंबून चालत नाही.

आपल्या मुलांनी पुढच्या गोष्टी पाहाव्यात. त्या सोसायटीची शाखा आपल्याच विद्यापीठात, आपल्याच विभागात आहे का? तिचा सल्लागार म्हणून विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाचे नाव आहे का? वर्गातले वरचे किती टक्के, हा निकष उघडपणे छापलेला आहे का? बिझनेस स्कूलच्या डीन कार्यालयात विचारल्यावर तिथले लोक तिला ओळखतात का? चारही उत्तरे ‘हो’ असतील तर आमंत्रण खरे समजावे. खरी सोसायटीही एकदाच शुल्क घेते, त्यामुळे शुल्क मागितले एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. एक जरी उत्तर ‘नाही’ आले, तर मात्र ते डॉलर खोलीच्या भाड्यासाठी ठेवावेत.

आपल्याकडे शाखा का नाहीत

बीटा गॅमा सिग्माची शाखा हवी तिथे काढता येत नाही. एएसीएसबी या आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या बिझनेस स्कूललाच ती काढता येते. ही मान्यता मिळवायला अनेक वर्षे आणि बराच पैसा लागतो. प्राध्यापकांचे संशोधन, अभ्यासक्रमातून काय साध्य झाले याचे पुरावे, अशा अनेक कसोट्या असतात. महाराष्ट्रात ती मिळवणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. मुंबईची एसपीजेआयएमआर त्यांतली एक. डेल्टा म्यू डेल्टाचेही असेच आहे: तिची शाखा एसीबीएसपी या दुसऱ्या संस्थेच्या मान्यतेशी बांधलेली आहे.

पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक व्यवस्थापन संस्था सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. एआयसीटीईची मंजुरी, नॅकची श्रेणी, एनबीएची मान्यता, सीईटीतून भरणाऱ्या जागा आणि वर्षाअखेरचे प्लेसमेंट यांत त्यांची शक्ती खर्च होते, आणि ते समजण्यासारखे आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी चिंचवड एज्युकेशन ट्रस्टसारख्या स्थानिक संस्थांनी शिक्षण इथल्या मुलांच्या दाराशी आणले, ही मोठी गोष्ट झाली. परदेशी मंडळाची शाखा नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. त्यातला उपयोगी भाग आपल्या मातीत कसा उतरवता येईल, हे पाहायला हवे. त्यासाठी आधी आपला स्वतःचा अनुभव तपासू.

तळेगावची दक्षिणा

विद्वानांना जाहीर मान देण्याची प्रथा या परिसराला नवी नाही. आज जिथे एमआयडीसीचे कारखाने आहेत त्या तळेगाव दाभाड्यात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सेनापती खंडेराव दाभाड्यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सुरू केली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले, आणि पहिल्या बाजीरावांनी ती प्रथा पुण्यात चालू ठेवली. पुढे दूरदूरचे ब्राह्मण श्रावणात पुण्यात जमू लागले. पेशवाईच्या अखेरच्या काळात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात हजारोंना दक्षिणा वाटली जाई. गर्दी वाढत गेली तशी विद्वत्तेची पारख मागे पडली आणि जन्म हीच पात्रता उरली.

इंग्रजी अमदानीत हा निधी बंद झाला नाही, त्याचा उपयोग बदलला. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेला त्यातून पैसा मिळाला. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला: या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा आणि त्यासाठी जातीची अट नसावी. सनातन्यांनी त्यांना विरोध केला. त्यांना इजा होऊ नये म्हणून जोतीराव फुले आपली माणसे घेऊन पाठीशी उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली आणि महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा फेलोंपैकी एक.

या इतिहासात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. पारख सुटली तेव्हा मानाची खिरापत झाली. तोच पैसा कामाशी जोडला आणि जातीची भिंत हलली, तेव्हा त्यातून ग्रंथ आणि अभ्यासक निर्माण झाले.

पट्ट्याने स्वतः घडवलेले मान

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ पासून टेल्कोने इथे पाय रोवले, आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण १९९९ च्या बजाजच्या कारखान्यानंतर आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आल्यानंतर वाहनांचे गाव झाले. या पट्ट्याने माणसाची गुणवत्ता ओळखण्याचे स्वतःचे काही मार्ग तयार केले, आणि ते कॉलेजांच्या आधी कारखान्यांत तयार झाले.

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार हा त्यांतला सर्वांत जिव्हाळ्याचा. यात कामगाराची कारखान्यातली नोकरीच पाहिली जात नाही, तर त्याने समाजकार्यात, साहित्यात, कलेत, कामगार चळवळीत काय केले याचाही विचार होतो. म्हणूनच पिंपरी-चिंचवडमध्ये नावाआधी ‘गुणवंत कामगार’ असे अभिमानाने लावणारी माणसे भेटतात, आणि रक्तदान शिबिरापासून कविसंमेलनापर्यंत सगळीकडे तीच पुढे असतात.

दुसरा मार्ग क्वालिटी सर्कलचा. जपानमध्ये १९६० च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडे १९८० च्या सुमारास आली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. लाइनवरचे सहा-सात जण एकत्र बसतात, आपल्याच मशिनवरच्या रिजेक्शनचे किंवा वाया जाणाऱ्या वेळेचे कारण शोधतात, उपाय करून पाहतात आणि मग अधिवेशनात परीक्षकांसमोर मांडतात. इथे मान गटाला मिळतो, आणि तोही झालेल्या कामासाठी.

तिसरा मार्ग व्यावसायिक परीक्षांचा. सीएच्या अखिल भारतीय गुणवत्ता यादीत पहिल्या ५० जणांत नाव आले की त्या घराच्या गल्लीत फ्लेक्स लागतो. सीए आणि सीएमए या दोन्ही संस्थांच्या शाखा पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत, त्यांची व्याख्याने होतात, विद्यार्थ्यांचे कार्यक्रम होतात. एमबीए-बीबीएच्या गुणवंतांना मात्र असे घर नाही. निकाल लागतो, पहिल्या तिघांचे फोटो संस्थेच्या माहितीपत्रकात येतात आणि जून उजाडेपर्यंत सगळे विखुरतात.

इथल्या मंडळाने काय करावे

या पट्ट्यातल्या चार-पाच व्यवस्थापन संस्थांनी मिळून आपले गुणवंतांचे मंडळ काढावे, असा माझा आग्रह आहे. त्याला ग्रीक नावाची आणि परदेशी मान्यतेची गरज नाही. गरज आहे ती स्पष्ट नियमांची. प्रत्येक तुकडीतले वरचे २० टक्के विद्यार्थी प्राध्यापकांच्या समितीने निवडावेत. त्याशिवाय काही जागा अशा मुलांसाठी राखाव्यात ज्यांचे गुण थोडे कमी आहेत, पण जे दिवसा नोकरी करून शिकले किंवा ज्यांचा समर इंटर्नशिपचा प्रकल्प कंपनीने प्रत्यक्षात वापरला. खेड, जुन्नर, बीड, लातूरहून येऊन आकुर्डीत चौघांत एक खोली करून राहणाऱ्या मुलाची धडपड सीजीपीएमध्ये दिसत नाही. गुणवंत कामगाराची निवड करताना जी व्यापक नजर वापरली जाते, तीच इथेही वापरावी.

मग या मंडळाला काम द्यावे, आणि काम कॉलेजपासून फार लांब नाही. भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण इथे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी हजारो छोटी युनिट्स आहेत. मालकाला लेथ आणि व्हीएमसी उत्तम कळते, पण जॉबवर्कचा दर ठरवताना तो बहुधा शेजारच्या शेडमधला दर पाहतो. मशिनचा घसारा, वीज, टूलिंग, ऑपरेटरचा पगार आणि मशिन बंद राहण्याचे तास धरून मशिन अवर रेट काढणे हे कॉस्ट अकाउंटिंगच्या पहिल्या सत्रातले गणित आहे. तो एकदा नीट काढून दिला तर कोणते काम घ्यावे आणि कोणते नाकारावे हे मालकाला कळते.

दुसरे काम थकलेल्या बिलांचे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२३ मध्ये प्राप्तिकराच्या नियमांतही बदल झाला आणि मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षीच्या खर्चात दाखवता येऊ लागली. अनेक छोट्या मालकांची उद्यम नोंदणी झालेली असते, पण ती बिलावर छापलेली नसते, माल मिळाल्याच्या तारखेची चलने नीट लावलेली नसतात. ही कागदपत्रे वर्षभर व्यवस्थित लावून देणे एमबीएच्या विद्यार्थ्याला सहज जमेल. थकलेल्या बिलाची सरकारकडे तक्रार करायची की ग्राहक सांभाळायचा, हा निर्णय मालकाचा. पण निर्णय घेण्याइतके कागद तरी त्याच्या हाती असायला हवेत.

अशा कामाला सीए-सीएमए शाखांमधल्या एखाद्या अनुभवी सभासदाची देखरेख असावी, म्हणजे विद्यार्थ्याच्या चुकीचा भुर्दंड युनिटला बसणार नाही. सभासदत्व कायम करण्याआधी ठरावीक तासांचे असे काम पूर्ण झालेले असावे आणि युनिटच्या मालकाने त्यावर सही केलेली असावी. ही सही पाहून चाकणच्या कंपनीतला एचआर अधिकारी त्या मुलाला मुलाखतीत चार वेगळे प्रश्न विचारेल, आणि त्या मुलाकडे सांगण्यासारखे काही असेल.

प्राचार्य आणि संचालकांना विनंती आहे: पुढच्या पदवीप्रदान समारंभात सुवर्णपदकाच्या जोडीला मंडळाच्या सभासदांची नावे वाचा आणि प्रत्येकाने कोणत्या शेडमध्ये काय केले तेही वाचा. विद्यार्थ्यांनो, तुमच्या महाविद्यालयात असे मंडळ नसेल तर वर्गातल्या पाच जणांनी एका प्राध्यापकांना भेटून सुरुवात करा. विल्यम अँड मेरीच्या विद्यार्थ्यांनीही कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. मान कोण देतो आणि तो मिळाल्यावर काय करावे लागते, या दोन प्रश्नांची चोख उत्तरे ज्या मंडळाकडे असतील, त्याचेच सभासद व्हा.